स्वदेशी चिप येते आहे, तिच्यावरचे सॉफ्टवेअरचे दोष शोधायला आपल्या पोरांना आत्ताच शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मधून मधून स्वदेशी प्रोसेसरच्या बातम्या येतात. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा वेगा, केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलेला स्वदेशी चिपचा डीआयआर-व्ही कार्यक्रम, हे सगळं वाचून लय बरं वाटतं. पण बातमी दरवेळी चिप तयार झाली इथेच संपते, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहतो, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो आणि रविवारी गावातल्या अभ्यासिकेत पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगची पोट्टे येतात त्यांच्यासोबत बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या प्रोसेसरवर जुनं सॉफ्टवेअर कुठे आणि काहून अडतं हे शोधायचं काम विदर्भातल्या खेड्यातून आजच करता येतं, त्यासाठी चिप हातात असायची गरज नाही, इम्युलेटर, म्हणजे त्या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, पुरतो, आणि आपली कॉलेजं हे शिकवायला लागली तर पोरांचं भलं होईल.

आधी थोडं मागचं सांगतो. शक्ती काय आणि वेगा काय, दोन्ही रिस्क-फाइव्ह नावाच्या आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरला कुठल्या सूचना कळतात त्याच्या नियमांवर, आहेत. हे आर्किटेक्चर २०१० मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या युनिव्हर्सिटीत सुरू झालं, त्याचे नियम सगळ्यांना खुले आहेत, वापरायला कुणाला लायसन्सचे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणूनच आपल्या देशाने ते धरलं. शक्तीची लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारी पहिली चिप २०१८ मध्ये आली, ती इंटेलच्या फॅक्टरीत २२ नॅनोमीटरवर बनली होती, आणि नंतर चंदीगडजवळच्या मोहालीतल्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरवर आपल्याच देशात बनली. हे सगळं अभिमानाचंच आहे. पण आपण आजवर जे सॉफ्टवेअर लिहिलं, बँकेचं असो की दूध संघाचं असो, ते बहुतेक इंटेल-एएमडीच्या मशीनवर लिहिलं, तिथेच तपासलं आणि तिथेच चाललं. लिहिणाऱ्याने नकळत त्या मशीनच्या सवयी धरून चाललेल्या असतात. नव्या चिपच्या सवयी वेगळ्या, मग तोच प्रोग्राम तिथे कंपाइल होतो (म्हणजे त्या चिपच्या सूचनांमध्ये उतरतो), चालतो पण, आणि उत्तर चुकीचं देतो. बंद पडला असता तर निदान कळलं असतं.

आता इम्युलेटर. क्यूईएमयू नावाचं सॉफ्टवेअर आहे, फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलं, फुकट आहे, आणि २०१८ पासून त्यात रिस्क-फाइव्ह आहे. ते रिस्क-फाइव्हच्या सूचना वाचतं आणि चालता चालता तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलून चालवतं. दोन प्रकारे वापरता येतं, एक म्हणजे फक्त एक प्रोग्राम चालवायचा आणि बाकी लिनक्स आपल्याच लॅपटॉपचं, दुसरं म्हणजे अख्खं मशीनच उभं करायचं, मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळ्यासकट, त्यात आतमध्ये रिस्क-फाइव्हचं लिनक्स बूट होतं. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या डेबियनने १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला काढली तेव्हापासून रिस्क-फाइव्ह तिथे अधिकृत आहे, त्यामुळे आता सगळं सरळ डाउनलोड करून बसवता येतं. सेकंडहँड आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे आरामात होतं. आमच्या अभ्यासिकेत तसेच लॅपटॉप आहेत.

नुसतं सांगून पटणार नाही म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण ते आपल्या मराठीशीच लागून आहे. गावच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी लावायला सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्राम आहे, कुणीतरी कधीकाळी लिहून दिलेला. काम साधं, यादीतली नावं वाचायची, मराठी पुस्तकं एका फाइलीत आणि इंग्रजी दुसऱ्या फाइलीत टाकायची. लॅपटॉपवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललाय. पोरांना सराव म्हणून तो रिस्क-फाइव्हसाठी कंपाइल करून क्यूईएमयूवर चालवायला दिला, तर एरर नाही, क्रॅश नाही, पण मराठीची फाइल पूर्ण रिकामी आणि सगळी पुस्तकं इंग्रजीत. पोरांचं पहिलं बोलणं हेच की सर, इम्युलेटरच खराब आहे. आणि इथेच खरं शिकणं सुरू होतं, कारण अंदाजावर दोष ठोकून द्यायचा नसतो, एकेक शक्यता काढत जायची असते.

क्यूईएमयूला सांगता येतं की प्रोग्राम सुरूच करू नको, एका पोर्टवर थांब आणि डीबगरची (प्रोग्राम थांबवून आत बघायच्या साधनाची) वाट बघ. मग दुसऱ्या टर्मिनलमधून जीडीबी हा डीबगर जोडायचा, तो पण अनेक आर्किटेक्चर समजणारा फुकटात मिळतो, आणि एकेक ओळ पुढे न्यायची. पोरांनी मराठीच्या अटीच्या आतल्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे इथे थांब अशी खूण, लावला तर तो तिथे बसलाच नाही, खालच्या ओळीवर जाऊन बसला. असं झालं की समजायचं, कंपायलरने तो भागच काढून टाकलाय, कारण त्याच्या मते ती अट कधीच खरी होणार नाही. अट काय होती? वाचलेला बाइट (मेमरीतला आठ बिटांचा तुकडा) शून्यापेक्षा लहान असेल तर मराठी. आता मराठी अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, उदाहरणार्थ क म्हणजे २२४, १६४, १४९. इंटेलच्या लिनक्सवर सी मधला साधा कॅरेक्टर टाइप साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) असतो, म्हणजे त्यात -१२८ ते १२७ एवढंच बसतं, म्हणून २२४ तिथे -३२ दिसतो आणि अट खरी होते. रिस्क-फाइव्हवर तोच टाइप अनसाइन्ड, ० ते २५५, तिथे २२४ म्हणजे २२४ च, शून्यापेक्षा लहान तो होणारच नाही. जीडीबीत दोन्हीकडे तोच व्हेरिएबल प्रिंट करून बघितला, लॅपटॉपवर -३२ आणि रिस्क-फाइव्हवर २२४. दोन्ही बरोबर आहेत बरं का, सी भाषेने हे ठरवायचं काम त्या त्या प्लॅटफॉर्मवर सोडलंय, चूक ती अट लिहिण्यात आहे.

पण एवढ्यावर थांबायचं नाही हे मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. कारण सापडलं असं वाटणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. जीसीसी या कंपायलरला एक पर्याय देता येतो की साध्या कॅरेक्टरला अनसाइन्ड धर. तो देऊन तोच प्रोग्राम लॅपटॉपसाठीच कंपाइल केला, इम्युलेटर बिलकुल मध्ये नाही, तरी तोच दोष तिथे उभा राहिला. उलटा पर्याय देऊन रिस्क-फाइव्हवर साइन्ड केला तर दोष गेला. आता ना इम्युलेटरवर संशय राहिला ना कंपायलरवर. मग दुरुस्ती एका ओळीची, बाइट स्पष्ट अनसाइन्ड म्हणून घ्यायचा आणि १२८ किंवा जास्त आहे का ते बघायचं, म्हणजे तो सगळीकडे सारखाच चालतो. आणि जास्तीच्या वॉर्निंग चालू ठेवल्या तर जीसीसी स्वतःच सांगतो की ही तुलना कायम खोटी आहे, पण त्या वॉर्निंग चालू कोण ठेवतं.

संपादक साहेब, हे मी एवढं लांबवून सांगतोय त्याचं कारण आहे. इंग्रजी मजकुराचे सगळे बाइट १२८ च्या खाली असतात, म्हणजे इंग्रजी यादी देऊन हा प्रोग्राम कितीही वेळा तपासला असता तरी तो पासच झाला असता. हा दोष फक्त मराठी, हिंदी, तमिळ असा मजकूर दिल्यावरच दिसतो. बाहेरच्या देशात बसून रिस्क-फाइव्हवर पॅकेज (तयार सॉफ्टवेअर) तपासणारा माणूस देवनागरीची फाइल देऊन बघेलच असं नाही. मग सातबाऱ्याचं, रेशनचं, ग्रामपंचायतीच्या दाखल्यांचं सॉफ्टवेअर उद्या स्वदेशी चिपवर आलं आणि त्यात कुठेतरी खोल अशी अट दडलेली असली तर ती कोण शोधणार? ते आपल्याच पोरांनी शोधायचं आहे, मराठी मजकूर घेऊन.

आणखी एक सवय सांगतो जी शेतीच्या हिशोबात नक्की नडेल. समजा गटातल्या शेतकऱ्यांचा एकरी कापसाचा उतारा काढायचा आहे, एकूण क्विंटल भागिले एकर, आणि कुणाच्या नावापुढे एकराच्या रकान्यात शून्य पडलंय. पूर्णांकाला शून्याने भागलं की इंटेलवर प्रोग्राम तिथल्या तिथे मरतो, माणूस बोंबलतो, कुणीतरी येऊन दुरुस्त करतं. रिस्क-फाइव्हवर मरत नाही. तिथे हार्डवेअर साधं राहावं म्हणून ठरवूनच असं केलंय की शून्याने भागलं तर उत्तराचे सगळे बिट १ येतील, म्हणजे साइन्ड असेल तर -१ आणि ३२ बिटचा अनसाइन्ड असेल तर ४,२९,४९,६७,२९५. चारशे कोटींच्या वर एकरी क्विंटल! तो आकडा बेरजेत गेला, सरासरीत गेला, तर पुढे त्या यादीचं काय होईल सांगता येत नाही. मोबाइलमध्ये असतात त्या एआरएम प्रोसेसरवर हेच उत्तर ० येतं. तीन प्रोसेसर आणि तीन वागणुकी, आणि सी भाषा म्हणते की शून्याने भागणं हीच चूक, मी काही हमी देत नाही. क्यूईएमयू ही वागणूक जशीच्या तशी दाखवतो, म्हणून तिथेच पकडता येतं.

म्हणूनच मी पोरांना तीन ठिकाणी चालवायला लावतो, लॅपटॉपवर सरळ, क्यूईएमयूवर एआरएम, आणि क्यूईएमयूवर रिस्क-फाइव्ह. दोष एआरएम आणि रिस्क-फाइव्ह दोन्हीवर दिसला पण इंटेलवर नाही, तर बहुतेक प्रोग्रामने इंटेलची सवय धरलेली असते. फक्त रिस्क-फाइव्हवरच दिसला तर कंपायलर, लायब्ररी, नाहीतर खुद्द इम्युलेटर बघायचा, आणि इम्युलेटरची शंका असेल तर क्यूईएमयूची नवी आवृत्ती लावून किंवा स्पाइक नावाचा रिस्क-फाइव्हचा दुसरा सिम्युलेटर आहे त्यावर ताडून बघायचं. इम्युलेटर हळू असतो, खऱ्या मशीनपेक्षा कितीतरी पट हळू, त्यामुळे ज्या टेस्टमध्ये इतक्या सेकंदात झालंच पाहिजे अशी अट आहे त्या नुसत्या वेळेमुळेच फेल होतात. पोट्टे घाबरतात. आधी वेळ वाढवून बघा म्हणतो, मग दोष शोधा.

आपल्याकडे लाईनचा भरवसा नाही हे आपल्याला सांगायला नको. अख्खं मशीन इम्युलेटरवर चालवण्याचा इथे मोठा फायदा आहे, मशीनची त्या क्षणाची पूर्ण अवस्था, मेमरी, रजिस्टर, डिस्क, सगळं स्नॅपशॉट करून ठेवता येतं, आणि लाईन आली की त्याच ठिकाणाहून परत सुरू. दोष यायच्या जरा आधीचा स्नॅपशॉट ठेवला तर दरवेळी पहिल्यापासून बूट करायची गरज नाही. त्याहून भारी म्हणजे रेकॉर्ड करून परत तसंच चालवायची सोय, कधी येतो कधी येत नाही असा दोष एकदा रेकॉर्डमध्ये सापडला की तो पुन्हा पुन्हा हुबेहूब तसाच चालवून, जीडीबीत उलटं मागे मागे जाऊन बघता येतो. खऱ्या चिपवर ही चैन मिळत नाही.

पण इम्युलेटरने सगळं सापडतं असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नये. शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत संत्र्याची कलम कितीही हिरवीगार दिसली तरी ती तुमच्या जमिनीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात कशी टिकते ते तिथे लावल्यावरच कळतं, तसंच हे आहे. सगळ्यात मोठी अडचण मेमरीच्या क्रमाची. एका प्रोग्रामचे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) असतील, एकाने आधी माहिती लिहिली आणि मग माहिती तयार आहे असा झेंडा लावला, तर इंटेलवर दुसऱ्या थ्रेडला हे त्याच क्रमाने दिसतं. रिस्क-फाइव्हचे नियम त्याहून सैल आहेत, मध्ये फेन्स (क्रम पाळायला लावणारी सूचना) घातली नसेल तर झेंडा आधी आणि माहिती नंतर दिसू शकते, म्हणजे दुसरा थ्रेड जुनीच माहिती उचलून पुढे जातो. आता क्यूईएमयू चालतोय तुमच्या इंटेलच्या लॅपटॉपवर, त्यामुळे तो प्रोसेसर खाली आपला कडक क्रम पाळतोच आणि हा दोष बहुतेक वेळा झाकला जातो. लॅपटॉपवर पास, इम्युलेटरवर पास, आणि खरी चिप बसवलेल्या बोर्डावर कधीतरी मध्येच उलथतो. तसंच चालता चालता स्वतःच मशीन कोड तयार करणाऱ्या प्रोग्रामचं. नवा कोड लिहिल्यावर प्रोसेसरला खास फेन्सची सूचना द्यावी लागते, ती विसरली तरी क्यूईएमयू सांभाळून घेतो, बोर्ड सांभाळून घेईलच असं नाही. पत्त्याची जुळणी चुकलेले मेमरी ॲक्सेस (जसं चार बाइटचा आकडा चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचणं) क्यूईएमयू गुपचूप करून देतो, खऱ्या चिपवर ते फार हळू होतात किंवा ट्रॅप होतात, म्हणजे प्रोसेसर तिथेच अडवतो. म्हणून शेवटी बोर्ड लागतोच, पण प्रत्येक पोराकडे लागत नाही.

माझी मागणी त्यामुळे मोठी नाही. अमरावती, नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण मंडळाने कंप्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना एक प्रॅक्टिकल असं द्यावं की एक जुना प्रोग्राम घ्या, रिस्क-फाइव्हसाठी कंपाइल करा, क्यूईएमयूवर चालवा, जो दोष सापडेल त्याचं कारण सिद्ध करून दाखवा. नुसतं प्रोग्राम चालवून आउटपुट वहीत उतरवून सही घेणं असं नको, कारण सिद्ध केल्याचा पुरावा पाहिजे, जीडीबीचा आणि तिन्ही प्रोसेसरच्या तुलनेचा. आम्ही शिकलो तेव्हा ८०८५ च्या किटवर हेक्सचे आकडे दाबत बसायचो. तो प्रोसेसर १९७६ चा, त्यातून पाया पक्का झाला हे मी मानतो, पण पोरांनी ज्या चिपवर पुढची तीस वर्षं काम करायचं आहे तीही त्यांना दिसली पाहिजे ना. आणि दुसरं, प्रत्येक जिल्ह्यात एखाद्या शासकीय पॉलिटेक्निकमध्ये एक-दोन खरे रिस्क-फाइव्ह बोर्ड नेटवर चोवीस तास जोडून ठेवावेत. देसाईगंज असो की धारणी, पोरगं घरून लॉगिन करेल, इम्युलेटरवर तपासलेला प्रोग्राम तिथे चालवून बघेल. थ्रेडचे दोष तिथेच बाहेर येतील. बोर्ड निवडताना निदान चार कोरचा (एका चिपमध्ये चार प्रोसेसर असलेला) घ्यावा, एकाच कोरचा असेल तर क्रमाचे हे दोष त्यावरही दिसत नाहीत.

लोक विचारतात, हे शिकून नोकरी कुठे आहे, पुण्याला जावंच लागेल ना. मला वाटतं हा प्रश्न विचारणं बरोबर आहे, कर्ज काढून पोरं शिकतात. पण मी हे काम गावातून करतो आणि बघतो की जगभरातल्या खुल्या प्रकल्पांमध्ये रिस्क-फाइव्हवर अडलेली पॅकेजं उघड यादीत पडलेली असतात, कुणीही उचलावं, कारण शोधावं, दुरुस्ती पाठवावी. दुरुस्ती घेणारा तुमचं गाव विचारत नाही, पुरावा विचारतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरीने अशा दोन-चार दुरुस्त्या केल्या तर मुलाखतीत तिला सांगायला काहीतरी स्वतःचं असतं. आमच्याकडे येणाऱ्यांत मुलीच जास्त चिकाटीने बसतात हेही इथे लिहून ठेवतो.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे, सिलॅबस भरगच्च, लॅबमध्ये जुनी मशीन, आणि या विषयावर मराठीत काही वाचायला मिळत नाही. त्यासाठी आम्ही अभ्यासिकेत वापरतो ते सराव, वाचनालयाच्या यादीचा, शून्याने भागण्याचा आणि थ्रेडच्या झेंड्याचा, मराठीत पायरी पायरीने लिहून ठेवले आहेत. ज्या कुणा प्राध्यापकांना हवे असतील त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी ते विनामूल्य पाठवीन, आणि वर्धा, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात एखाद्या रविवारी येऊन पोरांसोबत बसायलाही तयार आहे. लॅपटॉप माझे मी घेऊन येईन, कॉलेजने फक्त एक खोली आणि लाईन द्यावी.

आपला नेहमीचा वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा
(नाव छापू नये ही विनंती)